फोनवर ॲप आहे की, मग तंबोरा कशाला? (जरा लांबलंय, सवडीने वाचा)

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चौदा वर्षांची, पाच वर्षं गाणं शिकतेय, आत्तापर्यंत फोनवरच्या तानपुऱ्यावर रियाज चाललाय, आता तिच्या बाईंनी सांगितलंय की खरा तंबोरा घ्या. घरात दोन पार्ट्या पडल्यात. वडील म्हणतात फुकटात तोच आवाज येतोय तर एवढे पैसे का घालायचे, आणि आईला वाटतंय की बाई म्हणतायत तर काहीतरी असेल. मिरजेला जायचं तर काय बघून घ्यायचं हेही विचारलंय, आणि जाताजाता, मुलीला कोणतं रेकॉर्डिंग ऐकवू.

मी बत्तीस वर्षं शिकवतेय आणि त्याच्या आधीपासून, म्हणजे सोळाव्या वर्षापासून, मोठ्या लोकांच्या मागे तंबोऱ्यावर बसलेय, त्यामुळे या विषयावर मला बोलायला लावू नये असं घरचे म्हणतात. पण विचारलंच आहे तर सांगते. आणि आधीच सांगते की वडिलांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये.

ॲपचा आवाज आज खरंच चांगला आहे. चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग वापरलेलं असतं, तेही उत्तम जवारी काढलेल्या, म्हणजे आवाज मोकळा यावा म्हणून घासून नीट केलेल्या, तंबोऱ्याचं, तुमच्या बजेटमध्ये येईल त्यापेक्षा भारी वाद्याचं. आमच्या वेळी सूरपेटी होती, भात्यावर चालणारी, तिचा तो एकसुरी पीं आवाज तासभर ऐकला की डोकं उठायचं. मग इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, बंगळूरच्या जी. राजनारायण यांचा राडेल, ते स्वतः बासरीवाले आणि इंजिनियर, त्या डब्याने आमच्यासारख्या एकट्याने रियाज करणाऱ्यांची केवढी सोय केली हे आजच्या मुलांना कळणार नाही. त्याला नावं ठेवणारे खूप होते पण नावं ठेवणाऱ्यांच्याही घरी तो होता. त्यामुळे 'मशीन वाईट, लाकूड चांगलं' असलं सोवळं मी पाळत नाही.

मग फरक कुठे पडतो? फरक असा की ॲप लावलेलंच मिळतं. काळी चार, म्हणजे पेटीची (हार्मोनियमची) चौथी काळी पट्टी, निवडली, बटण दाबलं, झालं. तंबोरा लावलेला कधीच मिळत नाही, तो रोज लावावा लागतो, सकाळी लावलेला संध्याकाळी उतरलेला असतो. लोकांना ही कटकट वाटते. माझ्या मते तंबोऱ्याची सगळी किंमत त्या कटकटीतच आहे. मुलगी रोज पंधरा-वीस मिनिटं स्वतः चार तारा जुळवणार असेल तर घ्या, डोळे झाकून घ्या. बाई येऊन लावून देणार आणि मुलगी नुसती छेडणार, किंवा दिवाणखान्यात कोपऱ्यात शोभेला उभा राहणार असेल तर वडिलांचं ऐका आणि त्या पैशात एक बरा स्पीकर घ्या.

स्पीकरचं आधी सांगून टाकते कारण तंबोरा घेतला तरी ॲप लागणारच आहे. फोनच्या स्पीकरवर रियाज करू नका. तिचा सा काळी चार धरला तर तो साधारण २०८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २०८ कंपनं, होतो, आणि खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची, तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे १०४. फोनचा तो नखाएवढा स्पीकर एवढ्या खालचा आवाज काढूच शकत नाही, खर्ज म्हणून आपल्याला जे ऐकू येतं ते वरचे सूर ऐकून आपल्याच मेंदूने भरून काढलेलं असतं. पुरुषांची काळी एक असेल तर खर्ज ६९ वर जातो, तिथे तर फोनने हात टेकलेलेच असतात. बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या, तिच्या मागे दोन हातांवर ठेवा, आणि आवाज तिच्या गळ्यापेक्षा कमी ठेवा. मुलं तंबोरा मोठा लावतात कारण त्यात आपला बेसूर झाकला जातो. हे मीही केलंय.

आता तार जुळवणं म्हणजे नक्की काय होतं ते सांगते, कारण मुद्दा तोच आहे.

चार तारा. पहिली पंचमाची, म्हणजे प ची (किंवा रागाप्रमाणे मध्यमाची म्हणजे म ची, निषादाची म्हणजे नी ची), मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे सा च्या, त्यांना आम्ही जोड म्हणतो, आणि शेवटची जाड, खर्जाची. जोडीतली एक तार पेटीवरून किंवा ॲपवरून सा ऐकून लावायची. एवढीच तार बाहेरून, बाकी तीन तंबोऱ्याचं तंबोऱ्यात. आता जोडीतली दुसरी छेडा. ती थोडी जरी उतरलेली असेल तर दोन्ही मिळून आवाज हेलकावतो, वांव-वांव-वांव असा. खुंटी किंचित फिरवली की हेलकावे संथ होतात. वां...व, वां....व. अजून एक केसभर, आणि ते थांबतात. थांबले की दोन तारा दोन राहत नाहीत. नवीन मूल इथे हमखास पुढे निघून जातं, तार चढते आणि हेलकावे परत सुरू होतात, मग खाली, मग वर, मग रडकुंडीला येणं. मी मदत करत नाही. बाहेर जाऊन चहा टाकते.

मग खर्ज, मग पंचम. खुंटीने साधारण जागेवर आणायचं आणि शेवटचं बारीक काम खाली तारेत ओवलेल्या मणक्यांनी (मण्यांनी) करायचं, मणका भोपळ्याच्या उताराकडे सरकवला की तार ताणली जाते, घोडीकडे, म्हणजे ज्या रुंद पट्टीवरून तारा जातात तिच्याकडे, घेतला की सैल पडते. आणि मग येतो दोरा.

घोडीवर प्रत्येक तारेखाली एक सुती किंवा रेशमी धागा घातलेला असतो. आम्ही त्याला जीव म्हणतो. नाव बरोबरच ठेवलंय कोणीतरी. घोडीचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो, त्याला डोळ्याला न दिसणारा उतार दिलेला असतो, तार त्या उतारावर घासत, टेकत-सुटत थरथरते. तो उतार घासून बरोबर आणणं म्हणजे जवारी काढणं. जवारी बरोबर असली तरी धागा चुकीच्या जागी असेल तर तार ठण्ण करून गप्प बसते, पातेल्यावर चमचा आपटल्यासारखी. धागा नखाने हळूहळू पुढे सरकवत जायचं आणि तार छेडत राहायचं, ठण्ण, ठण्ण, ठण्ण, आणि एका ठिकाणी अचानक आवाज उघडतो, तार वाजून संपल्यावरही आत काहीतरी फिरत राहतं. ती जागा किती असते माहितीये? धाग्याच्या जाडीएवढी. अर्धा मिलिमीटर पुढे गेला की परत चरचर.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर पेपर लिहिला होता. नियम असा की तारेला ठरावीक जागी छेडलं तर तिच्यातला ठरावीक वरचा सूर निघायलाच नको, पण तंबोऱ्यात आणि वीणेत तो निघतो, आणि चांगला ठणठणीत निघतो, आणि कारण ती घोडी. मला फिजिक्स बेताचंच कळतं पण हे वाचून बरं वाटलं होतं, आमच्या कारागिराने कानशीने घासून केलेलं काम रामनना लिहावंसं वाटलं म्हणून.

आणि हे सगळं जमलं की खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. कोणीही गंधार लावलेला नाहीये, चार तारांत तो कुठेच नाहीये, तरी येतो. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना ही बुवाबाजी वाटते, पण साधा हिशोब आहे. खर्ज १०४, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सूर त्याच तारेत आपोआप असतात. तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गंधार, ५१९ च्या आसपास. आता त्याच गंधाराची पेटीवरची पट्टी दाबा, ती ५२३ वर असते, कारण पेटी ज्या पद्धतीने लावलेली असते त्यात बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेत. म्हणजे सेकंदाला चार हेलकावे. एकदा तंबोऱ्यातला गंधार कानात बसला की पेटीचा गंधार चढा लागतो, आणि मग मुलगी येऊन तुम्हाला सांगेल की आई पेटी खोटी आहे. त्या दिवशी पेढे वाटा. (रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारात उभं केलं नव्हतं. एवढी वर्षं बंदी हा अतिरेक होता असं माझं मत, मी स्वतः पेटीवरच शिकवते, पण तक्रार हवेतली नव्हती एवढं खरं.)

माझ्याकडे एक मुलगी होती, हुशार, परीक्षांमध्ये कायम पहिला वर्ग, पण गंधार जरा चढा. दोन वर्षं मी सांगत होते, उतर, अजून उतर, ती उतरायची आणि पुढच्या आवर्तनात परत तिथेच. कारण ती लहानपणापासून कीबोर्डवर सूर पक्के करून आलेली. शेवटी मी गाणं बंद केलं आणि तीन आठवडे तिला नुसता तंबोरा लावायला बसवलं. तिची आई चिडली, फी कशाची घेता म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, बाई तुमच्या फ्रीजचा आवाज मध्ये येतोय. मी म्हटलं अगं तेच तर! विजेवर चालणारी यंत्रं आपल्याकडे १०० हर्ट्झच्या आसपास गुणगुणतात, आणि तिचा खर्ज १०४, दोन्ही एकमेकांना घासत होते. दोन वर्षांत जिला स्वतःचा गंधार ऐकू येत नव्हता तिला आता भिंतीपलीकडचा फ्रीज बेसूर लागत होता. गंधार त्यानंतर महिनाभरात उतरला, मला काही सांगावं लागलं नाही. तेव्हापासून माझ्या क्लासच्या वेळात फ्रीज बंद असतो, दूध नासतं कधीकधी.

ॲपने हे होणार नाही का? कान चांगला असेल तर ॲपवरचा गंधारही ऐकू येतो, येत नाही असं नाही. पण लावलेला सूर ऐकणं आणि न लागलेल्या सुराकडून लागलेल्या सुराकडे जाणं यात फरक आहे, पोळी खाणं आणि लाटणं यात आहे तेवढा. गाताना गळ्याने आपण दुसरं काय करतो, चुकीकडून बरोबरकडेच जात असतो की.

जुन्या लोकांना हे इतकं माहीत होतं की त्यांनी त्यावर वेळ घालवायला कधी लाज धरली नाही. कुमारजींच्या (कुमार गंधर्वांच्या) तंबोऱ्यांबद्दल ज्यांनी ते समोर बसून ऐकलेत ती माणसं अजून गाण्याइतकंच बोलतात. किशोरीताई (आमोणकर) तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत गायला सुरुवात करायच्या नाहीत आणि श्रोते चुळबुळ करायला लागले तरी त्यांना फरक पडायचा नाही. लोक याला लहरीपणा म्हणायचे. मागे बसणाऱ्याला विचारा, ते लहरीपण नसतं, एक तार पडलेली असताना आलाप सुरू करणं म्हणजे तिरक्या खुर्चीवर बसून लिहिणं.

स्टेजवर तर गंमतच. ग्रीनरूममध्ये मस्त जुळवलेले तंबोरे स्टेजवर गेले की दिव्यांच्या गरमीने तारा उतरतात, एसीचा झोत आला की चढतात, आणि लाकूड स्वतःच्या मनाने दमटपणा पिऊन वेगळंच काही करतं. एका शहरात, नाव नको, आयोजकांनी आम्हाला थेट एसीच्या तोंडाखाली बसवलं होतं, मी तीनदा सांगितलं, ते म्हणाले मॅडम स्टेजचं फ्लॉवर अरेंजमेंट झालंय आता. मध्यलयीच्या आधी माझी जोडीची एक तार तुटली, टण्ण, माइकसमोर. गाणाऱ्या बुवांनी मागे वळूनही बघितलं नाही, माझ्या हातातला उरलेला तीन तारांचा तंबोरा ऐकत गात राहिले. मी घरी येऊन रडले होते.

आता खरेदी. मिरजेला जायचं असेल तर सतारमेकर गल्लीत जा. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणारी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम आटत गेलं आणि फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली, मिरजेच्या पटवर्धन संस्थानाने हात दिला, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तेच घर-तेच काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकनही मिळालं. गावाला गाण्याची हवा आधीपासूनच, गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे होते, विष्णु दिगंबर पलुस्कर तिथेच शिकले, किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तिथे येऊन राहिले आणि आज त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यातच आहे, उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं. म्हणजे कारागिराच्या शेजारीच गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक असं की जवारी जरा इकडेतिकडे झाली तर परत पाठवणारं. वाद्य सुधारायला यापेक्षा चांगली व्यवस्था काय असणार.

भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढा भागातून, खायचे नव्हेत, कडू, जाड सालीचे, त्यासाठीच वाढवलेले. दांडी आणि तबली (भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी) साधारण तुणीच्या लाकडाची. तुम्ही भोपळा हातात घ्या आणि बोटाच्या गाठीने टकटक करत चारी बाजूंनी फिरा. आवाज सगळीकडे साधारण सारखा यायला पाहिजे, एखाद्या जागी मेलेला आवाज आला तर तिथे साल पातळ असते किंवा आतून चिकटवाचिकटवी केलेली असते. दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी बघा, बाक आलेला असेल तर तारा घोडीवर नीट बसत नाहीत आणि ते दुखणं कायमचं. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात त्या गळ्यापाशी भेग आहे का बघा, पॉलिशखाली लपलेली असते, नख फिरवलं की कळते. खुंट्या चारही फिरवून बघा, आत दाबत फिरवायच्या, घसरणारी खुंटी असेल तर तिथेच बदलून घ्या, घरी आल्यावर खडू लावून किती दिवस काढणार.

नक्षीला पैसे देऊ नका. वेलबुट्टी, मोर, पांढरी पट्टी, सगळं छान दिसतं पण आवाजात काडीचा फरक नाही. तेच पैसे चांगल्या घोडीला आणि जवारी काढणाऱ्या हाताला द्या. घोडी हाडाची, शिंगाची, शिसवीची, आता फायबरचीही मिळते, पहिल्या तंबोऱ्याला फायबरही चालेल, लवकर झिजत नाही. भाव मी सांगत नाही, माणूस बघून आणि वाद्य बघून बदलतो, पण दोन-तीन घरं फिरल्याशिवाय पैसे काढू नका.

सर्वात महत्त्वाचं, मुलीला बरोबर न्या आणि तिच्या पट्टीत लावून मागा. दुकानात टांगलेल्या तंबोऱ्यांच्या तारा सैल असतात, मालक एक काढून पटकन झणझण करून दाखवेल, त्याने काही कळत नाही. काळी चार म्हणा, काळी चारला तारा चढवून, जवारी त्या पट्टीला काढून मगच ऐका, कारण पट्टी बदलली की तारेचा ताण बदलतो आणि जवारीही बदलते. लावल्यावर चहा प्या, तासाभराने परत या आणि परत ऐका. जो तंबोरा तासात फार उतरत नाही तो घ्यायचा. तिचा आवाज अजून बदलेल, काळी तीन ते काळी पाच एवढी मुभा असेल असाच बायकी मापाचा घ्या, पुरुषांचा मोठा पाच फुटी तंबोरा स्वस्तात मिळतोय म्हणून आणू नका, त्यात तिची पट्टी नीट बसणार नाही आणि तिला तो उचलणारही नाही. जुना, एखाद्या गाणाऱ्या घरातून निघालेला मिळाला तर नव्यापेक्षा बरा, लाकूड आणि भोपळा मुरलेले असतात, फक्त भेगा बघा आणि जवारी नव्याने काढून घ्या.

तारांबद्दल. बायकी तंबोऱ्यात साधारण पहिल्या तीन पोलादी आणि खर्ज पितळी. पंचमाची तार पंचमासाठीच घेतलेली असते. मारवा किंवा पूरिया गाताना पंचम चालत नाही, मग ती निषादावर न्यावी लागते, आणि पंचमावरून निषादावर जायचं म्हणजे तारेवरचा ताण दीडपटीच्या वर जातो. जाड तार असेल तर ती तुटते, आणि कधी तुटते तर मूल तोंड जवळ नेऊन ऐकत असतं तेव्हा. म्हणून निषादासाठी बारीक तार वेगळी ठेवायची आणि खुंटी फिरवताना चेहरा बाजूला. मालकंस, बागेश्री, ललत यांना मध्यम, तिथे तार उतरवायची असते म्हणून धोका नाही, पण धागा परत सरकवावा लागतो. हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगा.

छेडण्याचं फार सांगत नाही, तिच्या बाई दाखवतील. पहिली तार मधल्या बोटाने, बाकी तीन तर्जनीने, नख न लागता, बोटाचा मांसल भाग तारेवरून घसरला पाहिजे, ओढला नाही पाहिजे. आणि तबल्याच्या लयीत छेडायचं नाही! नव्या मुलांचा हात नकळत ठेक्यात पडतो, मग गाणारा वैतागतो. तंबोऱ्याला लय नसते, नुसतं सातत्य असतं. दोन तास तसं छेडत बसणं हे काम किती अवघड आहे हे बसल्याशिवाय कळत नाही.

पावसाळ्यात तारांना गंज चढतो, रियाज झाला की कोरड्या सुती फडक्याने पुसायच्या, आणि भिंतीला टेकवून उभा ठेवायचा नाही, आडवा, गवसणीत, मुलं-मांजर-मोलकरीण यांच्या वाटेबाहेर. प्रवासात तारा चार-पाच सूर उतरवून न्यायच्या. माझा पहिला तंबोरा एका ट्रान्सपोर्टवाल्याने आडव्याचा उभा केला आणि वर कोणाचं तरी कुकरचं खोकं ठेवलं, भोपळा फुटला, भरपाई म्हणून पाठवण्याचं भाडं परत मिळालं. तेव्हापासून तंबोरा माझ्याबरोबर सीटवर प्रवास करतो, त्याचं तिकीट काढते. पुढे मुलगी हॉस्टेलला गेली तर भोपळ्याशिवायचा चपटा ट्रॅव्हल तंबोरा मिळतो, आवाजाला खोली कमी, पण लावायचा सराव सुटत नाही, म्हणून माझ्या हिशोबात तोही ॲपपेक्षा वर.

आता ऐकवायचं काय. गाणं म्हणून तर पुष्कळ आहे, पण तंबोरा ऐकायला शिकण्यासाठी म्हणून सांगते. किशोरीताईंचा भूप राग, सहेला रे. भूपात गंधार म्हणजे घरचा मालक, त्या गंधारावर येऊन थांबतात तेव्हा हेडफोन लावून मुलीला विचारा की आता गळा कुठे संपतो आणि तंबोरा कुठे सुरू होतो. मग अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तीन मिनिटांची झिंझोटी रागातली तबकडी, पिया बिन नाही आवत चैन, हीच तबकडी ऐकून लहानपणी भीमसेन जोशी घर सोडून गुरूच्या शोधात निघाले असं सांगतात. त्या जमान्यातल्या तबकडीत तंबोरा जेमतेम ऐकू येतो, खरखरीत बुडालेला असतो, तरी तो आहे हे खाँसाहेबांच्या आवाजावरूनच कळतं, सूर कशाला तरी टेकलाय हे ऐकू येतं. खाँसाहेबांचे कान असे की सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी श्रुतींचं, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांचं, गणित मांडायला बसले तेव्हा गाऊन दाखवायला हेच होते.

आणि जरा वेगळं काही हवं असेल तर पंडित प्राणनाथ. हेही किराणा घराण्याचेच गायक, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथे ला मॉन्टे यंग, टेरी रायली असे नावाजलेले अमेरिकन संगीतकार त्यांच्यापुढे गंडा बांधून शिष्य म्हणून बसले. त्यांच्या तंबोऱ्यांची एक अख्खी सीडी आहे, १९९९ मध्ये निघाली, तीत गाणं नाही, तबला नाही, तासाच्या वर नुसते तंबोरे. आपल्याकडे कोणी काढली असती तर लोकांनी विचारलं असतं गाणं कधी सुरू होणार. मला सुरुवातीला हसू आलं होतं, मग एका रात्री अंधारात पूर्ण ऐकली, आणि सूर बदलत नसताना एवढं काय काय बदलतं हे पहिल्यांदा नीट कळलं. मुलीला सगळी ऐकवू नका, झोपेल. दहा मिनिटं पुरे, आणि गंधार कितव्या मिनिटाला ऐकू आला ते विचारा.

वडिलांना पण बसवा त्या दहा मिनिटांना. आणि मिरजेहून निघताना सुट्या तारांची दोन पुडकी, जाड दोरा आणि पेन्सिलने लिहिलेला तारांचा नंबर घेऊन या, नंबर विसरलात तर परत तुमच्या गावात तशी तार मिळणार नाही, आणि पहिली तार साधारण दोन आठवड्यांत तुटेलच.